कागद कोंबलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी विजेची घंटा आहे आणि माझं डोकं फारसं चालत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. टोला बसला की वाजायचं, टोला थांबला की गप्प राहायचं, एवढीच माझी अक्कल. माझ्या समोर जे जे घडलं त्यातलं अर्धं मला तेव्हा कळलं नाही आणि उरलेलं अर्धं अजून कळायचंय. तरीही सांगते. तुम्ही शाळेत जाता, पुस्तकं वाचता. तुम्हाला काही उलगडा झालाच, तर मलाही सांगा.

माझा जन्म ओतकामाच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, थंड केलं, घासूनपुसून चकचकीत केलं आणि माझी वाटी तयार झाली. आमचे ओतारी आजोबा प्रत्येक वाटीला बोटाच्या पेराने टिचकी मारायचे आणि कान लावून ऐकायचे. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी दचकून कान मागे घेतला.

"ही भांडखोर निघाली रे!" ते म्हणाले.

"वितळवू का परत?" त्यांच्या मुलाने विचारलं.

"छे, छे. राहू दे. घरात एक तरी मोठ्याने बोलणारी असावी."

अशा आम्ही चौदा बहिणी. वाटीच्या मागे छोटी हातोडी, तिच्यामागे तांब्याच्या तारेची गुंडाळी, असा आमचा संसार. आम्हा सगळ्यांना एका फार मोठ्या इमारतीत नेलं. देशाचे कायदे तिथे तयार होतात म्हणे. कुणी ग्रंथालयात लागली, कुणी संगमरवरी जिन्याच्या तोंडाशी. माझ्या नशिबी आलं कॅन्टीन! पहिले दोन दिवस मी मनातून रडले. मग टोस्ट भाजल्याचा वास यायला लागला आणि मला बरं वाटलं.

आमचं काम सोपं होतं. सभागृहात मत घ्यायची वेळ झाली की तिथला कारकून एक बटण दाबायचा आणि आम्ही चौदाही जणी एकदम वाजायला लागायचो. आठ मिनिटं. तेवढ्यात सगळ्या सभासदांनी असतील तिथून सभागृह गाठायचं. आठ मिनिटं झाली की दारं बंद. मग बाहेर कुणीही येऊन उभं राहो, दार उघडत नाही आणि त्याचं मत धरत नाहीत.

माझा पहिला टोला पडला की कॅन्टीनमध्ये जी धांदल उडायची, काय सांगू! कुणी तोंडात अर्धं बिस्कीट धरून पळायचं, कुणी शेजाऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवून. सकाळभर एकमेकांना वाट्टेल ते बोललेले दोघे एकमेकांना हात देत पायऱ्या चढायचे. बरीच वर्षं मला वाटायचं, ही मोठी माणसं रोज शर्यती लावतात. ती कशावर मत देतात, हे कुणी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"बाई गं, तू होतीस म्हणून वाचलो," असं एक म्हातारे सभासद जाता जाता माझ्याकडे बघून म्हणायचे. मित्रांनो, मला तेवढ्यावर दिवस काढता यायचा.

मग गल्ल्यावर मावशी आल्या. सगळी इमारत त्यांना मावशीच म्हणायची. अंगाने सडपातळ, हाताने चपळ, जिभेने तिखट. मी बरोबर त्यांच्या डोक्यावर, आणि माझ्याच फळीला खाली कपांचा रॅक ठोकलेला. एकदा मावशी उकळतं दूध गाळत होत्या आणि नेमकी मी वाजले. दूध हातावर सांडलं, एक शिंतोडा उडून माझ्या काठावरही बसला. हात आठ दिवस पट्टीत होता.

"मेली केवढ्यानं बोंबलते!" मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या. "एक दिवस माझा जीव घेशील तू."

मला फार वाईट वाटलं. पण हळू वाजणं माझ्या हातात थोडंच होतं?

दुसऱ्या दिवशी मावशी स्टुलावर चढल्या आणि माझ्या वाटीत, हातोडीच्या पुढ्यात, त्यांनी फडक्याचा बोळा कोंबला. त्या दिवसापासून माझी वाचाच बसली. हातोडी आपटायची, पण आवाज यायचा तो नुसता फट् फट् असा, गादीवर धपाटे घातल्यासारखा. फळी मात्र हादरायची आणि रॅकमधले कप थरथरायचे. मावशींचं त्या कपांकडे बारीक लक्ष असे. कप नाचले की त्या कमरेवर हात ठेवून ओरडायच्या, "उठा, उठा! घंटा झाली!" सगळे उठून पळायचे. सहा महिन्यांत लोक माझा आवाज विसरले. त्यांच्या लेखी मावशी म्हणजेच घंटा!

दर एक तारखेला वायरमन काका तपासणीला यायचे. स्वभावाने गरीब, कमरेला पक्कड, कानावर पेन्सिल. त्या दिवशी सकाळीच मावशी बोळा काढून ठेवायच्या. काका बटण दाबून मला वाजवायचे, खूश व्हायचे, वहीत "घंटा ठीक" लिहून सही करायचे आणि चहा पिऊन जायचे. ते वळले की बोळा पुन्हा माझ्या तोंडात. मला वाटायचं ओरडून सांगावं, काका, मागे वळून बघा हो! पण तोंडात बोळा असताना ओरडणार कशी?

अशातच ते उन्हाळ्याचं वर्ष आलं. तसा उन्हाळा मी पाहिला नव्हता. माझं पितळ सकाळी नऊलाच तापायचं. आणि त्याच वर्षी इमारतीत एका कायद्याची चर्चा सुरू झाली. स्वच्छ ऊर्जेचा कायदा. कोळशावरची वीज टप्प्याटप्प्याने बंद करायची, ऊन आणि वाऱ्यापासून वीज घ्यायची, म्हणजे हवा तापायची थांबेल, असं काहीसं. त्या कायद्याच्या मसुद्याच्या उशीएवढ्या जाड प्रती आल्या. त्यातली एक आमच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेली. ते टेबल तेव्हापासून कधी हललं नाही.

आणि मित्रांनो, खरा गोंधळ इथूनच सुरू झाला. एका टेबलावर दोन सभासद बसायचे. एक म्हणायचा, "कोळसा बंद नाही केला तर आपल्या पोरांचं काही खरं नाही." दुसरा म्हणायचा, "कोळसा बंद केला तर आपली पोरं उपाशी मरतील." दोघंही पोरांसाठीच भांडत होते! दोघांच्या कपाळावर सारखाच घाम. मी याचं ऐकलं की याचं पटायचं, त्याचं ऐकलं की त्याचं.

त्यात वायरमन काकांनी आणखी भर घातली. एकदा चहा पिताना ते मावशींना म्हणाले, "ही घंटा वाजते ना, ती वीजसुद्धा कोळशाचीच." घ्या! म्हणजे कोळशावर मत द्यायला लोकांना हाक मारणारी मी, आणि मला आवाज देणारा कोळसाच. त्या दिवशी मी फार विचार केला आणि त्यातून काहीही निघालं नाही.

आता ताईंबद्दल सांगते. खाणीच्या गावातून निवडून आलेल्या, म्हणून सगळे त्यांना खाणवाल्या ताई म्हणत. त्यांचे थोरले भाऊ त्याच खाणीत कामाला. आईवडील लवकर गेले, तेव्हा या भावाने पंधराव्या वर्षी खाणीत उतरून बहिणीला शिकवलं. ताई मावशींपाशी बसून हे सगळं सांगायच्या, म्हणून मला माहीत.

"मग तुम्ही या कायद्याच्या विरोधात असाल," मावशी म्हणाल्या.

"नाही हो. बाजूने आहे."

"अगंबाई! भावाची खाण बंद पाडणार तुम्ही?"

"खाण बंद व्हायलाच हवी, मावशी. दादाची छाती ऐकलीय का कधी? जुना भाता वाजावा तशी वाजते. पण आधी त्यांना दुसरं काम शिकवा, ते काम हातात द्या, आणि मगच खाणीला कुलूप लावा. एवढं एक कलम मला कायद्यात घालायचंय. सतरावं. दादाला शब्द दिलाय मी."

ते सतरावं कलम ताईंनी एका पानावर छापून आणलं होतं. मत मागायला त्या एकेका सभासदाच्या पाया पडायच्याच बाकी होत्या. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी कॅन्टीनच्या प्रत्येक टेबलावर, मिठाच्या डबीखाली, स्वतःच्या हाताने एकेक पान ठेवलं. जेवणं झाली. काहींनी पान खिशात घातलं, काहींनी त्यावर हाडं आणि साली काढल्या. मावशींनी उरलेली पानं गोळा केली. माझ्या तोंडातल्या फडक्याच्या झिजून चिंध्या झाल्याच होत्या. कागद चांगला जाड होता. मावशींचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी पाचसहा पानांचा घट्ट बोळा वळला आणि माझ्या वाटीत दाबून बसवला.

दुसरा दिवस उजाडला तोच भट्टीसारखा. बाहेरच्या झळा आत येऊ नयेत म्हणून मावशींनी कॅन्टीनचं दार घट्ट लावलं, त्यावर ओला पडदा सोडला. सकाळपासून त्यांना दोनदा चक्कर आली होती. दुपारी दूध उतरवता उतरवता त्यांनी ओट्याची कड धरली आणि भिंतीचा आधार घेत त्या मागच्या थंड खोलीत बटाट्याच्या पोत्यावर जाऊन टेकल्या.

तेवढ्यात ताई आल्या. कॅन्टीन रिकामं होतं. सकाळी सातपासून त्या माणसांमागे फिरत होत्या, पोटात अन्नाचा कण नव्हता. किटलीतला चहा त्यांनी स्वतःच ओतून घेतला, बरोबर माझ्या खाली, रॅकला लागून असलेल्या टेबलावर बसल्या आणि माझ्याकडे एकदा बघितलं. अगदी विश्वासाने बघितलं हो! घंटा आहे, वाजेल, मग उठू.

आणि कारकुनाने बटण दाबलं.

माझी हातोडी सुरू झाली. फट्, फट्, फट्. दूर जिन्यापाशी माझ्या बहिणी जिवाच्या आकांताने वाजत असणार, पण बंद दारातून आणि ओल्या पडद्यातून काही आत येत नव्हतं. मी सगळं बळ लावलं. फळी हादरली. रॅकमधले कप थरथरले. कपांकडे बघणाऱ्या मावशी पोत्यावर डोळे मिटून बसल्या होत्या. ताईंच्या हातातल्या कपात चहा थरथरला. त्यांनी कप खाली ठेवला, आपल्या हाताकडे बघितलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, "एवढी काय घाबरतेस गं?"

त्यांना वाटलं, आपलाच हात कापतोय.

आठ मिनिटं म्हणजे किती असतात, हे मला त्या दिवशी कळलं. ताईंनी टोस्ट खाल्ला. डोळे पुसले. आपल्या पानावरच्या चार ओळी ओठांतल्या ओठांत म्हणून बघितल्या. मी थांबले. त्यानंतर दार धाडकन उघडलं आणि वायरमन काका आत आले.

"ताई! तुम्ही इथे कशा? दारं लागली!"

ताई धावल्या. त्यांची एक चप्पल टेबलाखालीच राहिली.

बऱ्याच वेळाने त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर रंग नव्हता. "समसमान," त्या म्हणाल्या. "समसमान मतं पडली, काका. समसमान झालं की कलम नामंजूर होतं. एक मत हवं होतं. एकच! आणि ते इथे बसून टोस्ट खात होतं." मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही वाजलीच नाही!"

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "असं कसं होईल? एक तारखेला मीच तपासलीय. सही आहे माझी." स्टूल ओढून ते वर चढले, वाटीत हात घातला आणि बोळा बाहेर काढला. इतक्या दिवसांनी माझ्या तोंडात हवा गेली, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"हे कुणी केलं?" काकांनी विचारलं.

मागच्या खोलीच्या दारात मावशी उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. "मी कोंबला. काकांना काही बोलू नका, त्यांना माहीत नाही. कप हलले की मी ओरडते, रोज ओरडते... आज मला चक्कर आली हो."

ताईंनी काकांच्या हातातून बोळा घेतला आणि उलगडला. तेलकट, चुरगळलेलं पान. वर छापलेलं, कलम सतरा. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतायत, राग गेला. मग कळलं की त्या रडतायत. मित्रांनो, चोवीस तास ते कलम माझ्या तोंडात होतं आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच कारकुनाने पुन्हा बटण दाबलं.

ठण्! ठण्! ठण्! किती दिवसांनी मी मोकळ्या गळ्याने वाजत होते! आता अख्ख्या कायद्यावर शेवटचं मत होणार होतं. पण ताई हलल्या नाहीत.

"कशाला जाऊ?" माझ्या गदारोळात त्या ओरडून म्हणाल्या. "माझं कलम नसलेल्या कायद्याला हो म्हणू? दादाला तोंड कसं दाखवू?"

"आणि नाही म्हणाल?" मावशी म्हणाल्या.

"तेही कसं म्हणू!"

मावशी जवळ आल्या. टेबलाला धरूनच उभ्या राहिल्या. "मला कायद्यातलं काही कळत नाही, ताई. मी घाण केली ती केली. मला काय हवं ते बोला, नोकरी घालवा. पण घंटा होऊनही तुम्ही इथेच बसलात, तर माझ्या बोळ्यात आणि तुमच्या बसण्यात फरक काय राहिला? हो म्हणा, नाही म्हणा, पण आत जाऊन म्हणा."

तीन मिनिटं गेली होती. ताईंनी ते तेलकट पान घडी करून मुठीत धरलं, टेबलाखालची चप्पल हातातच घेतली आणि गेल्या. मी मागून वाजत राहिले. इतका जीव तोडून मी आयुष्यात वाजले नाही.

कायदा झाला. संध्याकाळी कुणी एकमेकांना मिठ्या मारत आले, कुणी डोकं धरून बसले. चहा दोघांनीही मागितला. ताईंनी काय मत दिलं, ते मला कुणी सांगितलं नाही.

आणि गंमत बघा. त्या कायद्यात असं होतं की सरकारी इमारतींनी जास्त वीज खाणारी जुनी यंत्रं आधी काढायची. आमच्या जागी भिंतींवर दिव्यांचे फलक आले. ज्या कायद्यासाठी मी घसा फोडला, त्यानेच मला खाली उतरवलं! आम्ही चौदा बहिणी एका पोत्यात, तुटक्या खुर्च्यांच्या ढिगावर पडलो. हे बरोबर झालं की चूक, याचा मी दोन वर्षं विचार केला. अंधारात दुसरं काम तरी काय होतं? एकेका बहिणीला भंगारवाला घेऊन गेला.

मग एक दिवस पोत्याचं तोंड उघडलं आणि वायरमन काका दिसले. त्यांच्या मागे ताई.

"हीच," काका म्हणाले. "हिच्या काठाला दुधाचा डाग आहे."

"हिला मी नेते," ताई म्हणाल्या.

त्यांनी मला आपल्या गावी आणलं. खाणीच्या रस्त्यावर एक नवी शाळा उभी होती. मोठ्या माणसांची शाळा. आसपासच्या खाणींत काम केलेले लोक तिथे सौर पॅनेल बसवायला, दुरुस्त करायला शिकत होते. सतरावं कलम ताईंनी पुढच्या वर्षी पुन्हा मांडलं होतं आणि या खेपेला ते मंजूर झालं होतं. मी आनंदाने वाजणारच होते, पण मला वाजवणार कोण? माझी गुंडाळी, हातोडी तर काढून टाकली होती.

एक उंच, वाकलेले गृहस्थ लाकडी मोगरी घेऊन आले. चालताना त्यांची छाती भात्यासारखी वाजत होती. मी लगेच ओळखलं. दादा!

"हीच का ती मुकी?" त्यांनी विचारलं.

"हीच," ताई खाली बघत म्हणाल्या.

त्या दिवशी मला उरलेलं कळलं. ताईंनी कायद्याच्या बाजूने मत दिलं होतं. नऊ महिने दादा त्यांच्याशी बोलले नाहीत. आणि कायदा होऊन सतरावं कलम येईपर्यंत जे वर्ष मध्ये गेलं, त्यात एकच खाण बंद झाली. दादांची. साठ माणसं घरी बसली. नवं कलम मागच्यांना लागू होत नाही म्हणे. म्हणून या शाळेत साठांपैकी एकाचंही नाव नाही. दादा इथे राखणदार आहेत, आणि घंटा वाजवायचं काम त्यांच्याकडे.

मी वाट बघत होते की आता मोगरी जोरात बसेल. बसायलाच हवी होती. पण दादांनी मला नीट पुसलं, दाराशी टांगलं आणि हळूच एक टोला दिला. ठण्!

"आवाज चांगला आहे की हिचा," ते म्हणाले.

"दादा, तुला राग नाही येत?" ताईंनी विचारलं.

"येतो की. पण कुणावर काढू, तेच कळत नाही. तीस वर्षं मी जमिनीखाली गेलो. आता ही पोरं छपरावर चढतायत. मी खालून बघतो. चांगलंही वाटतं आणि पोटात तुटतंही. कसं काय ते तू सांग, तू शिकलेली."

ताई माझा पुसलेला काठ पदराने पुन्हा पुसायला लागल्या. मला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

आता मी इथेच असते. सकाळी आठला दादा येतात. टोला देण्याआधी ते न चुकता एक गोष्ट करतात. माझ्या वाटीत बोट घालून आतून गोल फिरवतात, कागदाचा कपटा तरी अडकलाय का म्हणून बघतात. मगच वाजवतात. वर्ग भरतो, आणि ते दाराबाहेर स्टूल टाकून आतलं ऐकत बसतात.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. घंटा कर्कश वाटली तर खुशाल कानांवर हात ठेवा, मला शिव्या घाला, पण तिच्या तोंडात बोळा कोंबू नका. आणि कधी काही कारण नसताना हातातल्या कपात चहा थरथरला, तर आपलाच हात कापतोय असं समजून बसून राहू नका. एकदा वर बघा.